मासा वाढवता येतो, नदीचे काय?

कुलूहून मनालीकडे जाताना वाटेत पतलीकुहल नावाचे गाव लागते. तिथे हिमाचल सरकारचे ट्राउट माशांचे पैदास केंद्र आहे. नॉर्वेच्या मदतीने तिथली ट्राउटशेती उभी राहिली. आम्ही पनवेलचे चौघे, म्हणजे मी, आमचे हे, नववीतली मुलगी आणि सासूबाई, मुद्दाम तिथे उतरलो. सिमेंटचे लांबट हौद, एका टोकाने सतत येणारे ओढ्याचे पाणी आणि त्या पाण्याच्या दिशेने तोंड करून पोहणारे ठिपकेदार मासे. सासूबाईंनी पाण्यात बोटे बुडवली आणि लगेच बाहेर काढली. "अगं, हे तर फ्रिजमधलं पाणी!" म्हणाल्या.

ट्राउटचे सारे गुपित त्या गारव्यात आहे. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. ट्राउटला भरपूर प्राणवायू लागतो. पाणी विशीच्या पुढे तापू लागले की तो अस्वस्थ होतो. त्याची अंडीही सावकाश पिकतात. १० अंशांच्या पाण्यात इंद्रधनुषी ट्राउटच्या अंड्यातून पिल्लू यायला महिनाभर लागतो.

हा मासा मुळात आपला नाही. गळ टाकून मासेमारी करण्याची हौस असलेल्या इंग्रजांनी तो आणला. स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरला पाठवली गेली. १८९९ सालची पहिली खेप वाया गेली, १९०० सालची दुसरी मात्र जगली. पुढे हिमाचलात आणि दक्षिणेत निलगिरीवरही ट्राउट रुजला. पनवेलच्या पाण्यात तो जगणे शक्य नाही.

घरी आल्यावर मुलीने विचारले, "मग आपल्याकडे असं काहीच नाही का?" आहे, आणि अगदी जवळ आहे. बोरघाट चढून गेले की लोणावळ्याला वळवण धरणाशी टाटा पॉवर कंपनीचे महासीर माशांचे पैदास केंद्र आहे. पावसाळ्यात परवानगी काढून आम्ही ते पाहिले.

या जागेचा पनवेलशी संबंध नुसता शेजाराचा नाही. वळवण धरण इंद्रायणीवर आहे. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी खरे तर बंगालच्या उपसागराला जायचे. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली कोकणात उतरू लागले. वीज करून झाल्यावर ते पाताळगंगेत जाते आणि पाताळगंगेचे पाणी पनवेल परिसराच्या नळांना येते. त्या केंद्रातला मासा आणि आपण, एकाच खोऱ्याचे पाणी पितो म्हणा ना.

महासीर हा रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याचा मासा. मोठे खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि निळसर पर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्याने शास्त्रीय नावात घातली. या महासीराचे शास्त्रीय नाव आजही 'टोर खुद्री' असेच आहे.

पाऊस सुरू झाला की हा मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या तळाशी अंडी घालतो. वाटेत धरण आले की हा रस्ता बंद होतो. त्यात कुणी सुरुंग लावून मासे मारतो, कुणी पाण्यात विष कालवतो, कुणी वाळू उपसून अंड्यांची जागाच नेतो. मासा कमी होत गेला, तो असा.

१९७० च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मत्स्यतज्ज्ञांनी लोणावळ्याला महासीराची कृत्रिम पैदास यशस्वी करून दाखवली. पद्धत ऐकायला सोपी आहे. अंड्यांवर आलेली मादी हातात धरून तिच्या पोटावरून हलकेच बोटे फिरवायची की अंडी भांड्यात पडतात. त्यावर नराचे वीर्य टाकून सारे हळुवार मिसळायचे आणि मग अंडी वाहत्या पाण्यातल्या ट्रेमध्ये पसरायची. लिंबासारख्या पिवळ्या रंगाची, साबुदाण्याएवढी ही अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. नवी पिल्ले उजेडाला भितात आणि कोपऱ्यात डोके खुपसून एकमेकांवर गर्दी करतात. सासूबाई बराच वेळ पाहत उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे मासा आपला आपण चढायचा. इथे बाळंतपण माणसाला करावं लागतं."

त्यांचे बोलणे अगदी नेमके होते. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. महासीराची अंडी काही हजारांतच मोजायची. म्हणून एकेका मादीला जपावे लागते. तरीही इतक्या वर्षांत या केंद्राने लाखो पिल्ले तयार करून ठिकठिकाणच्या जलाशयांना पुरवली. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा निळ्या परांचा महासीर 'धोक्यात' या वर्गात होता. २०१८ साली त्याला 'कमी चिंतेच्या' वर्गात हलवले गेले. इतका मोठा दिलासा फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला येतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. हीच पिल्ले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा, पाठीला उंचवटा असलेला आणि आकाराने प्रचंड. १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महासीर गळाला लागल्याची नोंद आहे. ही जात वेगळी आहे हे तेव्हा नीट माहीत नव्हते. 'महासीर तो महासीर' असे समजून चांगल्या हेतूनेच पिल्ले सोडली गेली.

गळाने मासे धरून पुन्हा सोडून देणाऱ्या हौशी लोकांनी आपल्या नोंदी ठेवल्या होत्या. १९९८ ते २०१२ या काळातल्या अशा नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला होता आणि मूळ रहिवासी घटत गेला होता. जे थोडे रहिवासी सापडत, ते मोठे, वयस्क असत. लहान पिल्ले दिसेनाशी झाली होती. ज्या घरात फक्त म्हातारी माणसे उरली आहेत, त्या घराचे पुढे काय होणार हे सांगायला नको. २०१८ साली, ज्या वर्षी आपल्या महासीराला दिलासा मिळाला त्याच वर्षी, कावेरीचा महासीर 'अतिसंकटग्रस्त' ठरला.

पैदास केंद्र मासा देऊ शकते. नदी मात्र देऊ शकत नाही आणि कोणता मासा कोणत्या नदीचा, हेही केंद्रातली बादली सांगत नाही. ते आपल्याला ठाऊक असावे लागते. आपल्या पूर्वजांनी दुसरी एक वाट शोधली होती. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वरापाशीही असाच डोह आहे. लोक माशांना खाऊ घालतात, पण धरत नाहीत. देवाच्या नावाने मासा राखला, तसा डोहही राखला गेला. ज्या नदीचा मासा, त्याच नदीत.

पनवेलला याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. पहिल्या पावसात ओढ्यातून, शेतातून चढणारे वलगणीचे मासे आपल्याकडे आवडीने धरतात. ते अंडी घालायला निघालेले असतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती याच विचाराने. ओढ्यांना असा नियम आपणच लावून घ्यावा, निदान निम्मे मासे तरी पुढे जाऊ द्यावेत. तळोज्यातून वाहणाऱ्या कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. अशा पाण्यात कुठलेही बीज सोडून भागणार नाही, आधी पाणीच सुधारावे लागेल.

आणि एक साधी गोष्ट. घरातली काचेची टाकी नकोशी झाली की पुष्कळ जण त्यातले मासे जवळच्या तलावात नेऊन सोडतात. वाटते, जीव वाचवला. तो परका मासा तिथे वाढला, तर तलावातल्या आपल्या माशांचा घास तो घेतो. ते मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत किंवा दुकानदाराला परत करावेत. वडाळे तलावात मात्र सोडू नयेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)