प्रीतीची मागील बाकी

कादंबरीचा दुसरा खंड लिहिताना लेखकाला वाचकाचा कौल घ्यावा लागत नाही. पहिल्या खंडात नायकाचे मन कोणावर जडले, हे त्यानेच ठरविलेले असते. व्हिडिओ गेमच्या निर्मात्याला मात्र ही मुभा नेहमीच असते असे नाही. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेने ‘मास इफेक्ट’ या अंतराळकथेचे तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ साली काढले. पहिल्या भागात सेनानी शेपर्डने कोणावर प्रेम करावे हे खेळाडूने ठरवावयाचे, आणि ती नोंद पुढील भागात जशीच्या तशी उतरवून घ्यावयाची, अशी ही योजना होती. व्यापाऱ्याच्या वहीत मागील बाकी पुढे ओढतात, तशातलाच हा प्रकार होय.

वचन देणे सोपे होते. ते पुरविणे खर्चाचे होते. पहिल्या भागात विर्मायर ग्रहावर अ‍ॅशली आणि कायडन या दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचविता येते. साहजिकच पुढील भागात कोण जिवंत, आणि जो जिवंत तो प्रेमपात्र की केवळ सहकारी, याचे अनेक पर्याय उद्भवतात. प्रत्येक पर्यायासाठी संवाद लिहिणे व नटांकडून ते वदवून घेणे आले. आणि त्यांतील बराच भाग बहुसंख्य ग्राहकांच्या दृष्टीस कधी पडावयाचाच नाही! निर्मात्याने काटकसर केली. होरायझन वसाहतीवर जुने माणूस क्षणभर भेटते, शेपर्डने सर्बेरस या बदनाम संघटनेशी हातमिळवणी केली म्हणून संतापते आणि निघून जाते. वाचलेला कोणीही असो, प्रसंग जवळजवळ तोच. दुसरीकडे मिरांडा, टाली, गॅरस, थेन अशी नवी स्थळे मात्र दिमतीस हजर! जुन्या ठेवीदाराला खिडकीशी तिष्ठत ठेवून नव्याला अधिक व्याज देणाऱ्या पेढीची येथे आठवण व्हावी.

तरीही एक गोष्ट निर्मात्याने फार नेमकी साधली. शेपर्डच्या मेजावर जुन्या प्रेमपात्राची तसबीर असते. नव्याशी सूत जुळले की ती पालथी घातलेली दिसते. एक अक्षरही न बोलता खेळाडूची नोंद वाचली गेल्याची पावती त्याला मिळते. तिसऱ्या भागात या प्रतारणेचा जाबही विचारला जातो. याउलट जेकबवर प्रेम करणारी शेपर्ड कितीही एकनिष्ठ राहिली, तरी तो दुसरीचा झालेला व बाप होऊ घातलेला आढळतो. वास्तव म्हणून हे खपेल. परंतु व्यवहार म्हणून ही फसवणूकच म्हणावी लागेल.

असमाधानी ग्राहक एकतर निघून जातो किंवा आवाज उठवितो, आणि निष्ठा त्याला जाण्यापासून काही काळ रोखते, असे अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडले. २०१२ साली याचा पडताळा आला. तीन भागांतील निर्णयांचे चीज शेवटात झाले नाही, अशी ओरड खेळाडूंनी केली. ती करणारे त्रयस्थ नव्हते. पाच वर्षांचा वेळ व माया त्यांनी गुंतविली होती. जूनमध्ये संस्थेने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. त्यात अखेरच्या चढाईदरम्यान प्रेमपात्राचा निरोप घेण्याचा प्रसंग नव्याने घातलेला होता.

याच संस्थेच्या ‘ड्रॅगन एज’ मालिकेचा चौथा भाग २०२४ साली आला. पूर्वीच्या असंख्य निर्णयांपैकी त्यात तीनच विचारले जातात. मागील नायकाचे प्रेम कोणावर होते, हा त्यांतील एक.