संगणकांतील हरवलेली जागा

एकत्र कुटुंबांत जागेची टंचाई ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. ट्रंका, पिंपें, जुन्या वह्या आणि कोणाच्या तरी लग्नांतील अहेराचीं भांडीं यांनीं माळे भरून जातात, व नवी वस्तु घरांत आली कीं तिला ठेवावयाचें कोठें हा प्रश्न पडतो. हल्लीं ही टंचाई संगणकाच्या पोटांतहि उत्पन्न झाली आहे. फरक इतकाच कीं, माळ्यावरील जागा कोणीं अडविली तें डोळ्यांस दिसतें. संगणकांतील जागा मात्र कधीं कधीं कोणाचेंच नांव न सांगतां नाहींशी होते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं असा प्रसंग आला. त्यापासून आम्ही जें शिकलों, तें वाचकांस निवेदन करण्याचें योजिलें आहे.

आमचे वडील बंधु कै. दादा नोकरीनिमित्त अनेक वर्षें नागपुरास होते. तेथून त्यांनीं वहिनींस व आम्हांस लिहिलेलीं पत्रें वाळवीनें खाल्लीं. सुदैवानें त्यापूर्वींच आम्हीं त्यांच्या प्रतिमा संगणकांत उतरविल्या होत्या. त्या व कांहीं जुनीं छायाचित्रें ५०० जी.बी.च्या एका जुन्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलविण्याचें काम चाललें असतां संगणकाचा पडदा एकाएकीं निळा झाला आणि यंत्र बंद पडलें. पुन्हां सुरू करून पाहतों, तों पत्रांचें फोल्डर नाहीं! डिस्कवरील मोकळी जागा मात्र सुमारें सहा जी.बी.नें कमी झालेली. वस्तु गेली आणि जागाहि गेली, असा हा दुहेरी तोटा.

येथें एक गैरसमज आधींच दूर करूं. ५०० जी.बी.ची डिस्क संगणकास जोडली असतां ती ४६५ जी.बी.चीच दिसते, व पुष्कळांस वाटतें कीं उरलेली जागा कोणीं खाल्ली. तसें नाहीं. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो व विंडोज १०२४ च्या पटीनें. मापांतील हा भेद आहे. तेथें हरवलेलें कांहींच नसतें.

आमची जागा मात्र खरोखरच हरवली होती. ती कशी, हें शाळेच्या दृष्टांतानें सांगतों. डिस्क ही लहान लहान बाकांची एक प्रचंड शाळा समजावी. एक फाइल अनेक बाकांवर बसते. कोणत्या बाकानंतर कोणता बाक, ही सांखळी एका तक्त्यांत लिहिलेली असते. आणि अमुक नांवाची फाइल पहिल्यानें कोणत्या बाकावर बसली, हें फोल्डरच्या यादींत, म्हणजे हजेरीपटांत असतें. १९७७ सालीं मायक्रोसॉफ्टनें प्रथम योजिलेली ‘फॅट’ नांवाची पद्धत ती हीच, व आमच्या डिस्कवर तिचाच पुढील अवतार होता. लेखन चाललें असतां यंत्र कोसळलें, तर तक्त्यांत बाक भरलेले राहतात, पण हजेरीपटांतील नांव लिहिलें जात नाहीं किंवा बिघडतें. मुलगा वर्गांत बसलेला आहे, परंतु त्याला हांक मारणारा कोणी नाहीं! १९९३ सालीं आलेल्या ‘एनटीएफएस’ पद्धतींत प्रत्येक फेरफाराची आगाऊ टांचणी ठेवतात, म्हणून तेथें असा घोटाळा कमी होतो. परंतु बाहेरच्या जुन्या डिस्कांवर पुष्कळदां ‘फॅट’च असते.

दुरुस्तीच्या दुकानदारानें एका वाक्यांत निकाल दिला: “फॉर्मॅट करून टाका.” तसें केलें असतें, तर जागा सगळी मिळाली असती आणि पत्रें कायमचीं गेलीं असतीं. विंडोजमध्यें ‘चेकडिस्क’ नांवाचा एक कार्यक्रम असतो. तो तक्ता व हजेरीपट ताडून पाहतो, आणि दुरुस्तीची आज्ञा दिली असतां एक प्रश्न विचारतो: बेवारशी सांखळ्यांच्या फाइली करावयाच्या काय? ‘होय’ म्हटल्यास त्यांतील मजकूर निराळा जपून ठेवला जातो. ‘नाहीं’ म्हटल्यास बाक रिकामे मानले जातात, व पुढें तेथें दुसरें कांहींहि लिहिलें जातें.

आमच्या पुतण्यास मुलीच्या लग्नाची चित्रफीत याच डिस्कवर ठेवावयाची होती. तो म्हणाला, “काका, ‘नाहीं’ म्हणा. तुकडेच ते, ठेवून काय करणार? जागा तरी मोकळी होईल.” त्याची निकड खोटी नव्हती. पण वहिनी दारांतूनच म्हणाल्या, “भावजी, आधीं त्यांत काय आहे तें बघा, मग काय टाकायचें तें टाका.” त्यापुढें कोणी बोललें नाहीं.

तरीहि आम्हीं घाई केली नाहीं. चेकडिस्क डिस्कवरच लिहितो, म्हणून प्रथम संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढविली. वाचकांनीं ही पायरी कदापि वगळूं नये. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर कोणतीहि दुरुस्ती घरीं न करतां ती जाणत्याकडेच न्यावी. प्रत झाल्यावर आम्हीं प्रश्नास ‘होय’ असें उत्तर दिलें.

डिस्कवर ‘फाउंड.०००’ नांवाचें फोल्डर तयार झालें. तें सहसा लपलेलें असतें. लपविलेल्या फाइली दाखविण्याची सोय चालू केली म्हणजे दिसतें. त्यांत ‘फाइल००००.सीएचके’ अशा निनांवी फाइलींची रांग होती. निनांवी असली, तरी फाइलीची जात तिच्या पहिल्या अक्षरांवरून कळते. पीडीएफच्या आरंभीं तींच अक्षरें असतात. वर्डच्या नव्या फाइलीच्या आरंभीं ‘पीके’ असतें. छायाचित्राचीहि ठराविक खूण असते. आम्हीं शेवटचें ‘सीएचके’ पुसून तेथें ‘जेपीजी’ लिहिलें, आणि दादांचें वळणदार अक्षर पडद्यावर उमटलें. चार पत्रें अर्धवट निघालीं; बाकीचीं शाबूत.

संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरहि अपघातानंतर ओझें साचतें, तें असें: कोसळण्याच्या क्षणीं स्मृतींत जें होतें त्याची ‘मेमरी.डीएमपी’ ही मोठी फाइल. विंडोज पुन्हां घातली असल्यास ‘विंडोज.ओल्ड’ हें जुनें बाड. आणि तात्पुरत्या फाइली. ‘डिस्क क्लीनअप’ या सोयीनें हें काढतां येतें, मात्र ‘विंडोज.ओल्ड’मध्यें आपले कागद राहिले नाहींत ना, तें आधीं पाहावें.

सर्व पत्रें दोन ठिकाणीं ठेविल्यावर ‘फाउंड.०००’ आम्हीं आपल्या हातानें पुसलें. सहा जी.बी. जागा परत आली, व लग्नाची चित्रफीत तेथें बसली. पत्रांचीं नांवें व अनुक्रम मात्र गेले ते गेलेच. आतां रोज दुपारीं वहिनी चष्मा लावून आमच्या शेजारीं बसतात. पत्रावरील तारीख आम्ही वाचतों, आणि जेथें ती पुसट आहे तेथें, “हें थोरल्याच्या मुंजीच्या आधींचें,” असें त्या सांगतात. हजेरीपट पुन्हां लिहिला जात आहे.