दोन छावण्यांना जोडणारा 'डी.आर.आय.'

अमेरिकी रॉक संगीतात १९८०च्या दशकाच्या प्रारंभी दोन पंथ एकमेकांकडे पाठ फिरवून उभे होते. हार्डकोअर पंकची गाणी मिनिटा-दीड मिनिटाची, राजकीय संतापाने धुमसणारी. चाहत्यांचे केस बारीक कापलेले. मेटलची गाणी दीर्घ, गिटारच्या करामतींनी नटलेली. चाहते लांब केसांचे. दोन्ही गट एका सभागृहात आले, की अनेकदा हाणामारी ठरलेली. या दोन प्रवाहांच्या संगमातून जन्मलेल्या संगीताला 'क्रॉसओव्हर थ्रॅश' म्हणतात. हे नाव रूढ होण्याचे मोठे श्रेय टेक्सासमधील ह्यूस्टन शहराच्या 'डी.आर.आय.' या बँडकडे जाते.

१९८२ मध्ये गायक कर्ट ब्रेख्त, त्याचा भाऊ ड्रमवादक एरिक, गिटारवादक स्पाइक कॅसिडी आणि बासवादक डेनिस जॉन्सन एकत्र आले. सराव ब्रेख्त बंधूंच्या घरीच चाले. त्या गोंगाटाने संतापलेल्या वडिलांनी मुलांना 'डर्टी रॉटन इम्बेसिल्स', म्हणजे गलिच्छ, नालायक मूर्ख, अशी शिवी हासडली. मुलांनी तीच बँडचे नाव म्हणून मिरवली!

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणजे सात इंची तबकडीवर कोंबलेली तब्बल २२ गाणी. १९८३ मध्ये बँडने सॅन फ्रान्सिस्को गाठले. तेथे व्हॅन हेच घर होते आणि पोटासाठी अन्नछत्रांचा आधार. त्याच वर्षी 'रॉक अगेन्स्ट रेगन' दौऱ्यातही ते सहभागी झाले.

स्थलांतराचा परिणाम संगीतावर झाला. याच परिसरात मेटॅलिका, एक्झोडस यांसारखे बँड थ्रॅश मेटल घडवत होते. त्यांनी पंककडून वेग उचलला होता, 'डी.आर.आय.'ने त्यांच्याकडून गिटारचा भारदस्त ठोका घेतला. १९८५च्या 'डीलिंग विथ इट!'मध्ये २५ गाणी होती. १९८७च्या अल्बममध्ये मात्र केवळ १२. गाणी लांबली, लय अधूनमधून संथ झाली. अल्बमचे नाव होते 'क्रॉसओव्हर'. तेच पुढे या संगीतप्रकाराचे नाव म्हणून रुळले.

या धाडसाची किंमत मोजावी लागली. बँडने तत्त्व विकले, असा आरोप पंकच्या जुन्या चाहत्यांनी केला. त्याच वेळी मेटलचे चाहते मोठ्या संख्येने कार्यक्रमांना येऊ लागले, आणि एकाच गर्दीत दोन्ही पंथांची पोरे एकमेकांना धडकू लागली. आरंभी हे वैराने झाले, हळूहळू सवयीने.

१९९५च्या 'फुल स्पीड अहेड'नंतर बँडचे ध्वनिमुद्रण रोडावले. २००६ मध्ये कॅसिडीला कर्करोगाने गाठले. त्यातून सावरून तो पुन्हा मंचावर उभा राहिला आणि २०१६ मध्ये बँडची नवी छोटेखानी ध्वनिमुद्रिका आली. तोवर व्हर्जिनियातील रिचमंडच्या म्युनिसिपल वेस्टसारख्या नव्या पिढीच्या बँडनी हा वारसा उचलला होता. ज्या मिश्रणाला एकेकाळी फितुरी म्हटले गेले, तीच त्यांच्यासाठी परंपरा ठरली.