पेल एलची पारख

कॉव्हेंट्रीच्या उत्तरेला पंधराएक किलोमीटरवर ननीटन हे गाव आहे. तिथल्या कोटन रोडवरच्या ‘रोज इन’ नावाच्या पबात 1972 साली एका नव्या संघटनेची पहिली वार्षिक सभा भरली. मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर या चौघांनी ती आदल्याच वर्षी आयर्लंडमध्ये सुट्टीवर असताना काढली होती. त्यांची तक्रार साधी होती. मोठ्या कंपन्या पिंपातली जिवंत बिअर हळूहळू बंद करत होत्या आणि तिच्या जागी गाळलेली, पाश्चराइज केलेली, वरून वायू भरलेली बिअर गिऱ्हाइकांच्या माथी मारत होत्या. ही संघटना म्हणजे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, सर्वांच्या तोंडी ‘कॅमरा’. तिने ब्रिटनमधली पारंपरिक एल वाचवली, हे तिचं काम सगळ्यांना माहीत आहे. मला तिचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. पबात बसणाऱ्या साध्या माणसाला तिने परीक्षक केलं.

कॉव्हेंट्रीत आज मराठी माणसं भरपूर भेटतात. टाटा मोटर्सने 2008 मध्ये जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. त्या कंपनीचं मुख्यालय शहरातल्या व्हिटली भागात आहे, त्यामुळे पुण्याहून इंजिनिअरांची ये-जा सुरूच असते. कॉव्हेंट्री युनिव्हर्सिटी आणि शहराच्या कडेची वॉरिक युनिव्हर्सिटी इथे विद्यार्थी येतात ते वेगळे. शुक्रवारी संध्याकाळी सहकाऱ्यांबरोबर पबात गेलं की कोणीतरी हँडपंपावरची पेल एल पुढे करतं आणि बहुतेकांचं पहिलं मत ठरलेलं असतं: ही तर गारच नाही, फेसही धड नाही, वर कडू. ज्याची जीभ चार-पाच अंशांवरच्या लागरवर तयार झाली आहे, त्याला असं वाटणं साहजिक आहे. पण हे मत आवडीचं झालं. पारख ही वेगळी गोष्ट आहे आणि ती शिकता येते.

हा फरक दाखवणारी एक गोष्ट बर्टन अपॉन ट्रेंट या गावात आजही सांगतात आणि तिचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या बो भागातल्या हॉजसन यांच्या ब्रुअरीची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येत असे आणि कलकत्ता, मद्रास, मुंबईतल्या इंग्रजांना ती फार प्रिय होती. हॉजसनची मक्तेदारी मोडण्यासाठी 1822 च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉप यांना त्या बिअरचा नमुना चाखायला दिला. ऑलसॉप यांच्याकडे बार्लीला मोड आणून तिचा माल्ट करणारा जॉब गुडहेड याने घोट घेतला आणि कडवटपणा सहन न होऊन थुंकून टाकला, असं सांगतात. पण मग त्यानेच एका चहाच्या किटलीत तशी बिअर बनवून दाखवली. त्याला ती आवडली नव्हती, पण तिच्यात काय आहे हे जिभेने बरोबर टिपलं होतं. चांगल्या परीक्षकाकडून अपेक्षा असते ती एवढीच.

बर्टनची एल लंडनच्या एलपेक्षा सरस ठरली ती पाण्यामुळे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर असतं. सल्फेटमुळे हॉपचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा, कडवटपणा रेंगाळत न बसता स्वच्छ आणि कोरडा लागतो. आज जगभरचे ब्रुअर आपल्या पाण्यात मुद्दाम जिप्सम घालतात, ते बर्टनची नक्कल म्हणूनच. बर्टनच्या ताज्या ग्लासातून क्षणभर काडेपेटीच्या गंधकासारखा वास येतो. नवख्याला तो दोष वाटतो, जाणकार तिथे गावाचा पत्ता ओळखतो. बर्टनमधल्या बास कंपनीचा लाल त्रिकोण हा 1876 मध्ये ब्रिटनचा पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला, यावरून त्या पेल एलची तेव्हाची पत लक्षात यावी. कॉव्हेंट्री त्या जगापासून लांब नव्हती. कॉव्हेंट्री कालवा फ्रॅडलीला ट्रेंट अँड मर्सी कालव्याला मिळतो आणि तो पुढे बर्टनजवळून जातो. शहराची स्वतःची जुनी ब्रुअरी फिलिप्स अँड मॅरिअट 1924 मध्ये बासनेच विकत घेतली.

पिंपातल्या एलची परीक्षा करायची तर आधी तळघरात काय घडतं ते ठाऊक हवं. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा बिअर पुरती तयार झालेली नसते. तिच्यात जिवंत यीस्ट आणि थोडी साखर शिल्लक असते, त्यामुळे पबच्या तळघरात दुसरं किण्वन चालू राहतं. नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन, 9 गॅलनचं, साधारण 41 लिटरांचं. ते आडवं ठेवतात. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी मारली की जादा वायू तिच्यातून हळूहळू निघून जातो. फसफस पुरेशी शमली की त्या जागी कडक लाकडाची खुंटी मारून उरलेला वायू आत कोंडतात. यीस्ट तळाशी बसावं म्हणून माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला ‘आयझिंगग्लास’ घालतात. तळघराचं तापमान 11 ते 13 अंश राखायचं. नळ ठोकून पिंप सुरू झालं की आत हवा शिरते, आणि मग तीनेक दिवसांत ते संपवावंच लागतं. वर दिसणारा लांब दांड्याचा हँडपंप फक्त बिअर वर ओढतो, तिच्यात वायू भरत नाही. म्हणून हातातल्या ग्लासाचं श्रेय ब्रुअरइतकंच पबवाल्याचं असतं, आणि दोषही दोघांत वाटला जातो.

यामुळेच परीक्षणाच्या दोन रीती पडल्या. पहिली कॅमराची. तिचे सदस्य पबात मिळालेल्या बिअरला 0 ते 5 गुण देतात, अर्धा गुणही चालतो. 1 म्हणजे कशीबशी पिण्याजोगी, 2 म्हणजे ठीक पण लक्षात न राहणारी, 3 चांगली, 4 फार चांगली आणि 5 क्वचितच, जवळपास निर्दोष असेल तर. 0 म्हणजे ग्लास परत करायचा, आणि ब्रिटिश पबात तो परत केला तर कुणाला राग येत नाही, बदलून मिळतो. इथे प्रश्न एकच असतो: ही बिअर किती चांगल्या स्थितीत माझ्यापर्यंत पोचली? मला ही जात आवडते की नाही, हा विचार बाजूला ठेवायचा. नावडत्या जातीची बिअर उत्तम राखली असेल तर तिला 4 द्यायचे, लाडकी बिअर शिळी असेल तर 1. कॉव्हेंट्री आणि उत्तर वॉरिकशरची कॅमराची शाखा आहे, आणि संघटनेच्या ‘गुड बिअर गाइड’मध्ये कोणते पब घ्यायचे हे ठरवताना अशा स्थानिक गुणांचा आधार घेतात.

दुसरी रीत स्पर्धांमधली. अमेरिकेत 1985 मध्ये सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम’ची गुणपत्रिका आता जगभर वापरतात. एकूण 50 गुण: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकंदर परिणामाला 10. रूपाला एवढे थोडे गुण का, तर डोळा सहज फसतो आणि इतर इंद्रियांनाही फसवतो. या यादीत इंग्लिश पेल एलचं घराणं ‘ब्रिटिश बिटर’ म्हणून येतं. साधी बिटर 3.2 ते 3.8 टक्के अल्कोहोलची, बेस्ट बिटर 3.8 ते 4.6 ची आणि स्ट्राँग बिटर 4.6 ते 6.2 ची. जहाजाने हिंदुस्थानात आलेल्या एलचा वारसा सांगणारी इंग्लिश आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, वेगळ्या गटात येते आणि 7.5 टक्क्यांपर्यंत जाते. परीक्षकासमोर ब्रुअरीचं नाव नसतं, फक्त क्रमांक आणि जात असते.

आता प्रत्यक्ष ग्लास घेऊ. बेस्ट बिटर, क्रमांक लावलेली. ग्लास हातात येताच पहिलं काम वास घेण्याचं, कारण काही वास मिनिटभरात उडून जातात. आधी छोटे हुंगे, मग ग्लास हलवून एक मोठा. इथे काय शोधायचं? मॅरिस ऑटरसारख्या इंग्लिश बार्लीच्या माल्टचा भाजलेल्या पावासारखा आणि बिस्किटासारखा वास. फगल हॉपचा ओल्या मातीसारखा, लाकडासारखा वास. ईस्ट केंट गोल्डिंग्जचा फुलांचा, हलका मधाळ वास. आणि इंग्लिश यीस्टमुळे येणारी थोडी फळांची छटा, सफरचंदाच्या मुरंब्याच्या किंवा संत्र्याच्या बाजूची. नाकात आंबा आणि पॅशनफ्रूटच घुमत असतील, तर बिअर झकास असू शकते, पण बहुधा ती अमेरिकन हॉपची आहे आणि या गटात तिचे गुण कापले जातील.

मग ग्लास उजेडाकडे धरायचा. रंग फिकट अंबरपासून तांबूस तपकिरीपर्यंत, फेस पांढुरका आणि कमी. कमी फेस हा इथे दोष नाही. मग घोट. तो जिभेवरून फिरवायचा आणि गिळायचा. वाइनचे परीक्षक थुंकतात, बिअरच्या परीक्षेत गिळतात, कारण पेल एलचा खरा निकाल घोट उतरल्यावर लागतो. आधी माल्टची गोडी, मग हॉपचा कडवटपणा, आणि शेवटी दोन्हींमधून कोरडा, स्वच्छ शेवट, जो पुढच्या घोटाची इच्छा जागी ठेवतो. गोडी वर राहिली तर बिअर चिकट वाटते, कडवटपणा घशात खरवडत राहिला तर ओबडधोबड. या तोलातच इंग्लिश पेल एलचं सगळं कसब आहे. तीव्र, झणझणीत बिअर बनवणं त्या मानाने सोपं, कारण तिथे दोष झाकले जातात. चार टक्क्यांच्या एलमध्ये लपायला जागा नसते.

दोषांची ओळख हा परीक्षकाचा पाया. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास म्हणजे डायअसिटिल. पुसटसा असला तर काही इंग्लिश एलमध्ये चालतो, ठळक असला तर किण्वन अर्धवट राहिलेलं असतं. हिरव्या सफरचंदाचा तीव्र वास म्हणजे बिअर कोवळी असताना काढली. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली. शिजवलेल्या मक्याचा वास म्हणजे डायमिथिल सल्फाइड, बहुधा उकळण्यात कसूर. पबात सर्वांत जास्त भेटतो तो आंबटपणा, व्हिनेगरच्या वाटेने गेलेला, आणि तो बहुतेक वेळा चार-पाच दिवस उघड्या राहिलेल्या पिंपाचा किंवा न धुतलेल्या नळीचा असतो. परीक्षक ‘चव बिघडली’ एवढ्यावर थांबत नाही. काय बिघडलं आणि कुठे, हे त्याने लिहायचं, म्हणजे ब्रुअरला दुरुस्ती करता येते.

याला शिस्त लागते. परीक्षेच्या आधी कॉफी नाही, मसालेदार जेवण नाही, अंगाला अत्तर नाही. दोन ग्लासांच्या मध्ये पाणी आणि साधा पाव. नमुना काही घोटांचाच असतो, कारण चढल्यावर जीभ खोटं बोलू लागते. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: प्रत्येकाने आधी लिहायचं, मग बोलायचं. पहिला माणूस ‘मला केळं लागतंय’ म्हणाला की टेबलावरच्या सगळ्यांना केळं लागू लागतं. लिहून झाल्यावर गुण ताडून पाहतात आणि फार अंतर असेल तर पुन्हा चाखून चर्चा करतात. ‘चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन’ हा कॅमराचा किताब 1978 पासून असाच नाव झाकून ठरत आला आहे. यॉर्कशरच्या टिमोथी टेलर यांच्या ‘लँडलॉर्ड’ या पेल एलने तो 1982, 1983, 1994 आणि 1999 असा चार वेळा घेतला. इतक्या वर्षांच्या अंतराने वेगवेगळ्या परीक्षकांनी तीच बिअर निवडावी, हा या पद्धतीच्या भरवशाचा चांगला पुरावा आहे.

कॉव्हेंट्रीत हे शिकायला जागा आहेत. मध्ययुगीन लाकडी घरांच्या स्पॉन स्ट्रीटवर ‘ओल्ड विंडमिल’ आहे, जिथे मागच्या खोलीत पबात बिअर बनत असे त्या काळची जुनी सामग्री पाहायला मिळते. बेलग्रेड थिएटरजवळ ‘टाउन वॉल टॅव्हर्न’ आहे, ‘डाँकी बॉक्स’ या चिमुकल्या खोलीसाठी प्रसिद्ध. फार्गो व्हिलेजमधली ‘ट्विस्टेड बॅरल’ ही ब्रुअरी संपूर्ण व्हीगन एल बनवण्यासाठी ओळखली जाते. माशाचा आयझिंगग्लास नसल्याने तिथली बिअर किंचित धुरकट दिसू शकते. शाकाहारी मराठी माणसाला हे ठाऊक असलेलं बरं, आणि परीक्षकालाही, कारण तिथे धुरकटपणा हा निष्काळजीपणा ठरत नाही.

महाराष्ट्रात पुण्याला 2009 मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली आणि देशात मायक्रोब्रुअरींचं युग आलं. आज पुण्या-मुंबईत ताजी एल सहज मिळते, प्रयोगही धाडसी होतात. पण प्रतिक्रिया अजून ‘मस्त’ आणि ‘नाही आवडली’ यांच्यामध्येच अडकलेली आहे. ब्रुअरला याचा काही उपयोग नाही. लोण्याचा वास येतोय, पुठ्ठ्याची चव लागतेय, असं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक भेटलं तरच पुढची बिअर सुधारेल. म्हणून पुण्यातल्या ब्रुअरींना विनंती, महिन्यातून एक संध्याकाळ नावं झाकून तीन एल ठेवा आणि टेबलावर 50 गुणांची पत्रिका द्या. आणि कॉव्हेंट्रीत राहणाऱ्या वाचकांनी पुढच्या शुक्रवारी अर्धा पाइंट बेस्ट बिटर घ्यावी, ती आवडते का हा प्रश्न दहा मिनिटं बाजूला ठेवावा आणि नाकाला, जिभेला जे कळलं ते आधी कागदावर उतरवावं. आवडीचा निकाल त्यानंतर द्या. तो आधीपेक्षा नक्कीच न्याय्य असेल.