अ‍ॅनी अल्बर्स: बर्लिनहून निघालेला धागा

अ‍ॅनी अल्बर्सला मागावर बसायचंच नव्हतं. १९२२ मध्ये बर्लिनची ही मुलगी बाउहाउस कलाशाळेत आली, तेव्हा तिचा डोळा काचकामावर होता. पण तिथे बहुतेक मुलींची रवानगी विणकामाकडे होई, तशी तिचीही झाली. पुढे १९३० च्या पदविकेसाठी तिने एका सभागृहाच्या भिंतीचं कापड विणलं. त्याची एक बाजू आवाज शोषायची, दुसरी सेलोफेनमुळे उजेड परतवायची. नाखुशीने शिकलेल्या बाईचं हे काम!

१९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडलं. अ‍ॅनी ज्यू घराण्यातली. त्याच नोव्हेंबरात ती आणि नवरा जोसेफ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत, नुकत्याच निघालेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला आले. तिथे ती विद्यार्थ्यांना मक्याचे दाणे, गवत, काड्या, पिळलेला कागद असं काहीबाही मांडून पोत तयार करायला लावी. खरखरीत काय, गुळगुळीत काय, हे आधी बोटांना कळायला हवं, हा तिचा आग्रह. कंबरपट्ट्याचा मागही तिने शिकवला: ताण्याचं एक टोक खांबाला, दुसरं विणणाऱ्याच्या कमरेला, मागे रेललं की ताणा ताठ.

हा माग लॅटिन अमेरिकेतला. १९३५ पासून ती मेक्सिकोला पुन्हापुन्हा गेली. वाहाका प्रांतातल्या प्राचीन नगरीवरून नाव दिलेलं ‘माँटे आल्बान’ (१९३६) पाहा: आडव्या पट्ट्यांच्या विणीवर एक जादा धागा तरंगत, वळणं घेत जातो आणि पायऱ्यापायऱ्यांचे चौथरे दिसू लागतात. कापडावर नक्षी काढणं वेगळं. इथे धागाच रेघ झालाय. माझ्या मते तिची खरी झेप हीच, आणि ती देश सुटल्यानंतरची.

१९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचं प्रदर्शन भरवलं; एकट्या विणकर कलावंताला तिथे मिळालेला हा पहिला मान. ‘सिक्स प्रेयर्स’ (१९६५-६६) ही होलोकॉस्टमधल्या साठ लाख ज्यूंची स्मृती: सुती, लिनन, ताग आणि रुपेरी धाग्यांचे सहा उभे पट. त्यांत एकही चेहरा नाही, चिन्ह नाही. १९७० च्या सुमारास तिने माग सोडला आणि छापचित्रांकडे वळली. १९९४ मध्ये ती गेली.

तिचं नाव आजही बाउहाउसला चिकटवलं जातं. तिने मात्र १९६५ चं ‘ऑन वीव्हिंग’ हे पुस्तक प्राचीन पेरूच्या विणकरांना, आपले थोर गुरू म्हणून, अर्पण केलं.