पूल ओलांडून बघून या

दहावीची परीक्षा जवळ आली की जालन्यात बदनापूरची आठवण निघतेच. २१ फेब्रुवारी २०२५, मराठीचा पहिलाच पेपर, आणि दुपारपर्यंत राज्यभर एकच गलका: बदनापुरात पेपर फुटला! मंडळाने प्राथमिक चौकशीनंतर खुलासा केला, की फिरणारी पाने मूळ प्रश्नपत्रिकेची नाहीत. काही खासगी प्रकाशनाच्या प्रश्नपत्रिकेची, काही हाताने लिहिलेली. तो खुलासा आपण कोणाकोणाला पाठवला, हे ज्याने त्याने आपल्या फोनमध्ये बघावे. मीही कोणाला पाठवला नव्हता.

शाळेत डिजिटल साक्षरता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अजून २००१ साली सुरू झालेली एमएस-सीआयटीच येते. तेव्हा माऊस धरायला शिकवावे लागे. आता? ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आठवडाभरात अभ्यासासाठी तो हातात घेणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. बोटे तयार आहेत; तयार व्हायची आहे ती पारख. तरी आपण वर्गात महागडे पडदे बसवतो आणि फीत कापतो.

मला भावतो तो बिहारमधला प्रयोग. ५८३ गावे, आठवी ते बारावीची साडेतेरा हजारांवर मुले. निम्म्यांना अफवा ओळखण्याचे चार वर्ग, उरलेल्यांना त्याऐवजी इंग्रजी संभाषणाचे. ठिकाण गावातली सरकारी वाचनालये. विषय मुख्यतः आरोग्याचा: घरगुती उपायांचे दावे, लशींच्या अफवा. चार महिन्यांनी पुन्हा तपासले तर शिकलेले टिकून होते. एवढेच नव्हे, वर्गात न घेतलेल्या राजकीय बातम्यांनाही मुले तीच कसोटी लावत होती. आणि घरी आईवडिलांची पारखही सुधारली होती. आपल्याकडे पालकसभेत फोनवर तासभर तोंडसुख घेतले जाते; तिथे पोरांनीच पालकांना शिकवले.

शिकवायचे तरी काय? अमेरिकेत सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे १० विद्वान, स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे १० व्यावसायिक यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. विद्वानही झकपक मांडणीला आणि भारदस्त नावांना भुलले. तपासनीस मात्र ते पान फार वाचतच बसले नाहीत. लगेच बाहेर पडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधू लागले. ‘नीट लक्ष देऊन वाच’ हे आपले लाडके वाक्य इथे कुचकामी ठरते.

जुन्या जालन्याला यात नवे काय? कुंडलिका नदीपलीकडे काही घडल्याची आवई उठली, की पूर्वी कोणीतरी सायकल काढून पूल ओलांडायचा आणि नव्या जालन्यातून बघून यायचा. ओट्यावर बसून त्या आवईचा कीस काढण्यात अर्थ नसे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नववीच्या वर्गात त्या बदनापूरच्या बातमीवरच एक तास घ्या. फोन शिक्षकांचा एकच पुरे. ही पाने आधी कोणी टाकली, प्रश्नपत्रिकेच्या खुणा त्यांवर आहेत का, मंडळ काय म्हणते, ते मुलांना शोधू द्या. वेळापत्रकात जागा नसेल तर पीटीचा तास घ्या, मात्र लवकर. गणिताचे सर तो मागायला येतीलच.