आजीची ओवी आणि पंख्याची घूंघूं

तुमच्या घरी किंवा शेजारी जात्यावरच्या ओव्या येणारी एखादी आजी असेल, तर तिचा आवाज या सुट्टीत ध्वनिमुद्रित करून ठेवा. तुम्ही हिंगोलीत राहात असा, कळमनुरीत असा की सेनगावात, अशी आजी तुम्हाला शोधल्यास सापडेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तरी तुमच्या आजीची ओवी त्यांत असेलच असे नाही. आणि ती पुन्हा गाईलच, असेही नाही.

मुद्रण करून तुम्ही ते ऐकाल तेव्हा बहुधा निराश व्हाल. आवाज रांजणात तोंड घालून गायल्यासारखा येतो, मागे पंख्याची घूंघूं चाललेली असते आणि शब्द अर्धेच कळतात. समोर बसून ऐकताना तर असे काही जाणवले नव्हते! याचे कारण असे की आपले दोन कान आणि मेंदू मिळून हवा तो आवाज निवडतात आणि नको त्याकडे दुर्लक्ष करतात. मायक्रोफोनला ही निवड करता येत नाही. ती आपल्याला नंतर करावी लागते, आणि त्यासाठीचे साधन म्हणजे इक्वलायझर.

इक्वलायझर म्हणजे ‘सारखे करणारा’. हे नाव टेलिफोनच्या तारांवरून आले. लांबच्या तारेतून जाताना बारीक, उंच सूर जाड सुरांपेक्षा अधिक क्षीण होत. ते उचलून पुन्हा बरोबरीला आणणारे मंडल, तो इक्वलायझर. आज संगणकावर ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये तो तुम्हाला मिळेल.

आता आवाजाची चिरफाड करू. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या हर्ट्झमध्ये मोजतात. आपल्याला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. स्त्रीच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ असतो, पुरुषाचा त्याहून खाली. पण त्या सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही उमटत असतात. आवाजाचा भरदारपणा खालच्या भागात असतो. शब्दांची ओळख मात्र वरच्या भागात असते. ‘पान’, ‘कान’ आणि ‘तान’ यांतला ‘आन’ सारखाच. फरक आहे तो सुरुवातीच्या क्षणभराच्या स्फोटात. तो स्फोट फार दुबळा असतो. ‘स’चा सुसकारा तर मुख्यतः ४,००० हर्ट्झच्याही वर असतो. जुना टेलिफोन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढेच पुढे पाठवी, म्हणून नाव सांगताना ‘सशातला स’ असे सांगावे लागे. (गंमत पाहा, आजोबांच्या आवाजाचा १२० हर्ट्झचा मूळ सूर त्या तारेतून येतच नसे, वरच्या पटींवरून आपला मेंदू तो भरून काढी!)

एवढे कळले की काम सोपे आहे. आजीच्या आवाजात १०० हर्ट्झच्या खाली कामाचे फारसे काहीच नाही. तेथे आहे ती वाऱ्याची फडफड, जमिनीचा हादरा आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. तो भाग निःशंक कापा. मग रांजण शोधा. तो बहुधा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये सापडतो, कारण लहान खोलीच्या भिंतींमध्ये जाड सूर घुमतात. एक अरुंद पट्टा चांगला ८-१० डेसिबेलने उचला आणि हळूहळू पुढे सरकवा. जेथे आवाज सर्वांत वाईट वाटेल तेथे थांबा आणि तोच पट्टा ३-४ डेसिबेलने खाली दाबा. एवढ्यानेच शब्द उघडे पडू लागतात. तरीही कमी पडले तर २,००० ते ५,००० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबेलने वाढवा. आपला कान तेथेच सर्वांत तीक्ष्ण असतो. फार वाढवलात तर मात्र प्रत्येक ‘स’ कानात टोचेल.

येथे एक फसगत सांभाळा. ३ डेसिबेलची वाढ म्हणजे शक्ती जवळजवळ दुप्पट. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. म्हणून आधीचा आणि नंतरचा आवाज सारख्या मोठेपणावर आणूनच तुलना करा.

इक्वलायझर नसलेले काही निर्माण करीत नाही. पंख्याच्या वाऱ्याचा सुसाट आवाज ‘स’च्याच जागी पसरलेला असेल, तर एकाला कापताना दुसराही कापला जातो. फाटलेला आवाज किंवा खोलीतला प्रतिध्वनीही त्याने जात नाही. त्यापेक्षा आधीच पंखा बंद करा, भिंतीवर एक-दोन वाकळा टांगा, फोन आजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. जमिनीवर ठेवू नका, जात्याचा हादरा त्यात उतरेल. जात्याची घरघर मात्र साफ काढून टाकू नये, असे माझे मत आहे. ओवीचा ठेका तिच्यावरच उभा असतो. आणि मूळ मुद्रण जसेच्या तसे वेगळे जपा.

याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे, असेच पण कितीतरी कठीण ऐकण्याचे काम व्हायचे आहे. लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या उभारणीला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असतील. अशाच अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली. ती ०.२ सेकंदात सुमारे ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली, म्हणजे आजीचा मूळ सूर असतो तेथवर! ती लहर गोंगाटात बुडालेली होती. शास्त्रज्ञांनी आलेख छापताना ३५ ते ३५० हर्ट्झचा पट्टा ठेवला, बाकीचे कापले, आणि यंत्राच्या स्वतःच्या गुणगुणीच्या अरुंद रेषाही गाळल्या. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आहे, तेव्हा तेथे ६० आणि तिच्या पटी सांभाळाव्या लागतात. औंढ्याला त्या ५०, १०० आणि १५० वर असतील, आपल्या पंख्याच्या घूंघूंसारख्याच.